धुऱ्यावरचा निंब

2019 ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत पाऊस आला. आमची कापसाची पहिली वेचणी दिवाळीआधीच झाली होती. दुसऱ्या वेचणीची बोंडं फुटून वावर पांढरं झालेलं, आणि सखलातल्या तुकड्यात घोट्याच्या वर पाणी. बाबा सकाळी जाऊन बघून यायचे आणि काही न बोलता चहा प्यायचे. विम्याच्या कागदावर लिहिलं होतं, नुकसान झालं की 72 तासांत कळवा. फोन काही लागत नव्हता. कोणी तरी म्हणालं, ई-मेल करून टाका, तारीख तरी नोंदली जाईल.

मी तेव्हा इंग्रजीत एम.ए. करत होते. मराठीत लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण इंग्रजी कागदाला वजन असतं असा आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या पट्ट्यात पक्का समज आहे, आणि घरात इंग्रजीत एम.ए. करणारी मुलगी असताना अर्ज मराठीत जावा, हे मला स्वतःलाच पटेना. बाबा खाटेवर बसून सांगत होते आणि मी मोबाइलवर एका दमात टाइप करत होते. त्यातलं हे वाक्य मला अजून अक्षरन् अक्षर आठवतं:

'वी पिक्ड सम कॉटन आफ्टर दिवाळी इट रेन्ड हेवीली द फील्ड इज फुल ऑफ वॉटर.'

दुसऱ्या दिवशी चक्क तिकडूनच फोन आला. पोरगेलासा आवाज होता, बिचारा नीट बोलत होता. म्हणाला, "मॅडम, वेचणी दिवाळीनंतर केली, की पाऊस दिवाळीनंतर आला?"

"पाऊस."

"मग वेचणी कधीची?"

"दिवाळीच्या आधीची."

"पण इथं तर तुम्ही आफ्टर दिवाळी वेचला असं लिहिलंय."

मी म्हटलं, नाही, ते पुढच्याचं आहे. तो म्हणाला, पुढचं कुठून सुरू होतं ते दिसत नाही मॅडम. मग त्यानं पुन्हा तारखा विचारून घेतल्या आणि दुरुस्त मेल पाठवायला सांगितलं.

बाबांनी विचारलं, "काय म्हनते तो?"

मी कागदावर ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं. बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून प्रत्येक शब्दाखाली मराठी लिहिलं आणि 'आफ्टर दिवाळी'ला गोल केला. म्हटलं, हे दोन शब्द अलीकडच्या वाक्याचे आहेत की पलीकडच्या, ते त्याला कळत नाही. बाबांनी कागद लांब धरून पाहिला.

"म्हंजे धुऱ्यावरच्या निंबासारखं झालं हे," ते म्हणाले. "मधात धुराच ठेवला नाई तं निंब कोनाचा, हे तो कसा सांगन?"

धुरा म्हणजे दोन वावरांमधली मातीची पट्टी. पश्चिमेकडं त्याला बांध म्हणतात. आमच्या आणि शेजारच्या काकाजींच्या वावरामधला धुरा माझ्या लहानपणी एवढा रुंद होता की त्याच्यावरून रिकामी बैलबंडी जायची. दरवर्षी वखराच्या पाळीला इकडून चार बोटं जातात, तिकडून चार बोटं जातात. कोणी मुद्दाम कोरतो असं नाही. बैल वळताना, ट्रॅक्टर वळताना, जरा आणखी पेरू म्हणताना जातात. एका वर्षी पाहावं तर दोन्हीकडची तूर एकमेकीला लागलेली. मध्ये फक्त निंब उभा, आणि तो कोणाच्या हद्दीत आहे यावरून बाबा आणि काकाजी गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

पैसे पुढं आले नाहीत. त्याचं खापर मी एका वाक्यावर फोडणार नाही. गावात ज्यांनी स्वच्छ मराठीत, वेळेत कळवलं होतं त्यांच्याही हाती फारसं काही पडलं नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही ते नाहीच. कारण त्याचं नाव मला ठाऊक होतं. रन-ऑन. दोन स्वतंत्र वाक्यं मध्ये काही न ठेवता एकापुढं एक लिहिली की रन-ऑन होतं, ही व्याख्या मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. आणि तरी ते माझ्या स्वतःच्या बोटांखालून निघालं तेव्हा मला दिसलं नव्हतं.

आता मी हेच शिकवते. सकाळी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात, संध्याकाळी घरच्या छपरीत गावातली दहा-बारा पोट्टी घेऊन. पहिली दोन वर्षं मीसुद्धा तेच सांगायचे जे मला सांगण्यात आलं होतं: वाक्य लांबलं की रन-ऑन, म्हणून वाक्यं आखूड लिहा. हे साफ चूक आहे, आणि मी ते दोन वर्षं शिकवलं याची मला अजून लाज वाटते. 'इट रेन्ड वी लेफ्ट' ही चार शब्दांची ओळ रन-ऑन आहे. उलट चाळीस शब्दांचं वाक्य, ज्यात जोडशब्द जागच्या जागी आहेत, ते पूर्ण निर्दोष असू शकतं. दोन एकराचं एक वावर असतं आणि दोन गुंठ्यांची दोन वावरंही असतात. विचारायचं एवढंच, की इथं मालक किती?

लांबीचं खूळ डोक्यातून काढल्यावर पोरांनी दुसरा उपाय शोधला. मी लाल पेनानं जिथं खूण केली तिथं त्यांनी स्वल्पविराम टाकायला सुरुवात केली. 'माय फादर इज अ फार्मर, ही हॅज फोर एकर्स.' 'इट रेन्ड, वी लेफ्ट.' दिसायला बरं दिसतं, पण रोग तोच. याला इंग्रजीत कॉमा स्प्लाइस असं वेगळं नाव आहे. स्वल्पविराम हा वावरातल्या दोन तासांमधल्या, म्हणजे पेरलेल्या दोन ओळींमधल्या, जागेसारखा आहे. कपाशीची एक ओळ आणि दुसरी ओळ वेगळी दाखवायला तो पुरतो. दोन मालकांची हद्द दाखवायला पुरत नाही.

'ही हॅज फोर एकर्स' हे आमच्या पोरांना वेगळं वाक्य वाटतच नाही, याची मला फार गंमत वाटते. बाप तोच, त्याचीच गोष्ट चालू आहे, मग वाक्य संपलं कसं? त्यांच्या कानाला ते बरोबर आहे. मराठीत आपण म्हणू, 'माझे वडील शेतकरी आहेत, चार एकर वावर आहे.' कर्ता पुन्हा सांगायची गरज नाही. इंग्रजीत मात्र 'ही' आला की नवा कर्ता उभा राहिला, मग तो जुन्याच माणसाचं टोपणनाव का असेना. म्हणून मी पोरांना सांगते, स्वल्पविरामानंतर लगेच 'ही', 'शी', 'इट', 'दे', 'वी', 'धिस' यांपैकी कोणी दिसलं, की थांबायचं आणि मागं वळून बघायचं. दर वेळी चोर नसतो. पण बरेचदा असतो.

खरी गोम मला उमगली ती आजीमुळं. आजी कहाणी सांगायची तेव्हा तिचं वाक्य संपायचंच नाही. "राजा उठून, आंघोळ करून, घोड्यावर बसून जंगलात गेला, मंग त्याले तहान लागली, मंग त्यानं पाहलं तं एक विहीर, मंग तो खाली उतरला..." '-ऊन' लावून लावून पाच क्रियापदं एका माळेत ओवायची आणि शेवटाला एक 'गेला' ठेवून द्यायचा. ते संपलं की 'मंग'. ऐकणाऱ्याला कधी गोंधळ नाही. का नाही, हे कळायला मला वाटतं एम.ए.नंतरची तीन वर्षं लागली.

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. 'आम्ही थोडा कापूस वेचला दिवाळीनंतर पाऊस आला वावर भरलं.' एकही चिन्ह नाही, तरी 'वेचला' म्हटल्याबरोबर दार लागतं. त्यापुढं आलेलं 'दिवाळीनंतर' आपोआप पुढच्या घरात जातं. आपल्या भाषेत धुरा क्रियापदातच असतो, तो वेगळा घालावा लागत नाही. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन बसतं. 'पिक्ड' झाल्यावर काय वेचलं ते येतं, मग कुठं, मग कधी, मग कसं. शेपूट किती लांब जाईल याचा वाचणाऱ्याला अंदाज नसतो. म्हणून वाक्याच्या शेवटी ठळक खूण लागते. नाही तर शेपटाचं टोक कोणाचं आणि पुढच्याचं डोकं कोणाचं, हे कळत नाही. आम्ही मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितो, तेव्हा मनात प्रत्येक वाक्य केव्हाच बंद झालेलं असतं. कागदावर ते उघडं राहिलेलं आम्हाला दिसत नाही.

आणि आजीचा तो 'मंग'. पोरं त्याचं 'देन' करतात. 'वी वेंट टू द फील्ड, देन वी सॉ द वॉटर.' इंग्रजीत 'देन'ला जोडायची ताकद नाही. शाळेत आपण उभयान्वयी अव्ययं पाठ करतो: आणि, व, किंवा, पण, परंतु, म्हणून, सबब, कारण, जर-तर. मग शब्दकोशात 'हाउएव्हर' म्हणजे तथापि, परंतु. 'देअरफोर' म्हणजे म्हणून. मग काय, पोट्टं म्हणतं, म्हणून जोडतं तर देअरफोरही जोडणार. नाही जोडत. 'बट' जोडतो, 'हाउएव्हर' जोडत नाही. 'सो' जोडतो, 'देअरफोर' जोडत नाही. स्वल्पविरामासोबत उभं राहून दोन स्वतंत्र वाक्यं तोलणारे इंग्रजीत सातच शब्द धरतात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. 'देन' आणि 'हाउएव्हर' हे पाहुणे. येतात, बोलतात, पण हद्दीच्या कागदावर त्यांची सही चालत नाही. यांच्या आधी पूर्णविराम द्यावा, नाही तर अर्धविराम.

अर्धविराम मी मुद्दाम उशिरा शिकवते. एकदा शिकवला की महिनाभर सगळ्या वह्यांत तो मिठासारखा पडलेला असतो.

'अँड' शिकवताना मी वर्धा नदीकडं बोट दाखवते. नदीच्या अलीकडं आमचा वर्धा जिल्हा, पूर्वीच्या मध्य प्रांतातला. पलीकडं अमरावती, यवतमाळ, म्हणजे वऱ्हाड. निजामाकडून 1902 मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांनी कायमच्या पट्ट्यानं घेतला आणि 1903 मध्ये कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला. पण मालकी कागदोपत्री निजामाचीच. म्हणून पुढं नाव पडलं ते 'सीपी अँड बेरार'. आमच्या पणज्यांच्या कागदांवर हेच नाव आहे. कारभार एक, मालक दोन, मध्ये एक 'अँड'. पोरांना सन लक्षात राहत नाही, पण 'अँड' राहतो.

पणज्यांचे कागद म्हटल्यावर आठवलं. या वावराचं जुनं खरेदीखत आमच्याकडं पत्र्याच्या पेटीत आहे, मोडीत लिहिलेलं. बाबांनी ते एका जाणत्या माणसाकडून वाचून घेतलं, तेव्हा मी सोबत होते. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि अक्षरं त्या रेघेला टांगत जायचा. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. आणि त्या कागदाचा विषय काय, तर हद्दी! पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस नाला, उत्तरेस पांदण. चारही सीमा चोख, आणि अख्ख्या कागदात एक टिंब नाही. वाचणारे बोट सरकवत वाचत होते आणि 'पूर्वेस', 'सबब', 'येणेप्रमाणे' असे शब्द आले की किंचित थांबत होते. तेच त्या लिखाणाचे धुरे.

आपल्या गद्यातली ही चिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या वळणानं. मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्या कामात अगत्यानं घेतात. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशालाही त्यानं हातभार लावला होता. त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, नदीपलीकडं अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात तो. त्यातली वाक्यं म्हणजे दोन शब्द, तीन शब्द, क्रियापद आलं की संपलं. टिंबाची त्यांना गरजच पडली नसेल. तेव्हा पूर्णविराम आपल्या घरी उशिरा आलेला पाहुणा आहे, आणि आमची पोट्टी त्याला विसरतात तेव्हा मला पूर्वीइतका राग येत नाही.

पण पेपर तपासणाऱ्याला हे सगळं सांगून मार्क मिळत नाहीत. त्यामुळं ओळखायचं कसं, ते शिकवावंच लागतं. मी दोन गोष्टी करून घेते. एक, वाक्याच्या शेवटी 'नाई का?' लावून पाहायचं. आमच्याकडं प्रत्येक बोलण्याला 'नाई का' असतोच: "पाऊस आला, नाई का?" इंग्रजीत तोच कर्त्याप्रमाणं बदलतो. 'वी पिक्ड सम कॉटन' याला 'डिडन्ट वी?' लागतो. 'इट रेन्ड हेवीली' याला 'डिडन्ट इट?' लागतो. 'द फील्ड इज फुल ऑफ वॉटर' याला 'इझन्ट इट?'. माझ्या त्या एका ओळीला तीन वेगवेगळे 'नाई का' लागतात, म्हणजे ती तीन वाक्यं आहेत. आणि हे जोडून पाहिलं की 'आफ्टर दिवाळी' कुठं ठेवायचं ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं: 'डिडन्ट वी'च्या अलीकडं की पलीकडं?

दुसरी, वही शेवटच्या ओळीपासून मागं वाचायची. एक वाक्य, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. सरळ वाचलं की गोष्टीच्या ओघात आपण वाहून जातो आणि नसलेला पूर्णविराम डोळा स्वतःच घालून घेतो. उलटं वाचलं की ओघ तुटतो आणि नागडं वाक्य समोर येतं. पोट्टी सुरुवातीला हसतात. मग त्यांना त्याची चटक लागते. एकमेकांच्या वह्या हिसकावून उलट्या वाचतात.

सापडल्यावर नीट करणं सोपं आहे. पूर्णविराम द्या. किंवा स्वल्पविराम आणि सातांतला एक शब्द घाला. किंवा एका वाक्याला दुसऱ्याच्या हाताखाली द्या: 'व्हेन', 'बिकॉज', 'आल्दो' लावून, म्हणजे आपल्या व्याकरणातलं मिश्र वाक्य. माझं मत विचाराल तर अर्ज, तक्रार, विमा, बँक, जिथं जिथं पैशाचा संबंध आहे, तिथं पूर्णविरामाला पर्याय नाही.

एक उलटा रोगही होतो. एका पोरानं इतका धसका घेतला की 'बिकॉज इट रेन्ड.' एवढंच लिहून पूर्णविराम दिला. बाकीचं वाक्य मागच्या ओळीत एकटं. मी म्हटलं, अरे, तू आपल्याच वावरात मधोमध धुरा घातलास! आणि एका मुलीनं मला अडवलं ते सीझरवरून: 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' यात दोन स्वल्पविराम आहेत, मग हे कसं चालतं? चालतं. तिन्ही तुकडे एका मापाचे, एका मालकाचे, आणि गडबडीचा आवाजच तिथं हवा आहे. मुरलेले लेखक हे जाणूनबुजून करतात. तिला म्हटलं, आधी बारावी होऊ दे.

ती मुलगी काकाजींची नात. बाबांचा आणि काकाजींचा अबोला असला तरी ती आमच्या छपरीत येते. शिकवणीला अबोला लागू नाही, असं आईनं एकदाच सांगून टाकलं होतं. मागच्या आठवड्यात मी 'अवर ट्री' हा निबंध दिला. आंबा, वड, पिंपळ असं सगळ्यांनी पाठ केलेलं लिहिलं. हिनं निंबावर लिहिलं होतं. अर्ध्याच पानाचा निबंध, शुद्धलेखन बरं, आणि शेवटी ही ओळ:

'द निंब गिव्हज कूल शेड माय ग्रँडफादर अँड मॅडम्स फादर सिट अंडर इट इन द आफ्टरनून दे डोन्ट टॉक.'

मी लाल पेनाचं टोपण काढलं. 'शेड'नंतर खूण केली, तिथं शंका नव्हती. पुढं 'इन द आफ्टरनून'पाशी येऊन अडले. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. बाबा दुपारी वावरात शिदोरी सोडतात एवढं माहीत होतं. कुठं बसून, हे कधी विचारलं नव्हतं.

तिला बोलावलं. म्हटलं, "इथं पाहा. दुपारी बसतात असं म्हणायचंय, की दुपारी बोलत नाहीत असं? हे तीन शब्द कोणाकडं टाकू?"

तिनं वहीत वाकून ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, दोनदा 'नाई का' लावून.

"दोन्हीकडं हाय म्याडम ते," ती म्हणाली. "दुपारीच बसतात, अन् दुपारीच बोलत नाईत."